हेलनच्या बाई

काही वर्षांपूर्वी शिरूर अनंतपाळ येथील एका शाळेच्या स्नेहसंमेलनात सातवीच्या मुलींनी एक नाट्यप्रवेश सादर केला होता. रंगमंच म्हणजे बाकांवर टाकलेल्या फळ्या, पडदा म्हणजे दोन सतरंज्या, आणि मध्यभागी कोठून तरी उसना आणलेला एक मोडका हापसा. एक मुलगी डोळे मिटून, हात पुढे पसरून त्या फळ्यांवर अडखळत चालत होती. दुसरी, डोळ्यांवर काळा चष्मा लावलेली, तिच्या मागे मागे धावत होती. हापशाला पाणी नव्हतेच. पडद्याआडून एक मुलगा तांब्याने पाणी ओतीत होता आणि ते बरेचसे प्रमुख पाहुण्यांच्या अंगावर उडत होते. त्यामुळे हशा पिकला. परंतु क्षणभराने त्या डोळे मिटलेल्या मुलीच्या मुद्रेवर जो भाव उमटला, तो पाहून सारे पटांगण स्तब्ध झाले.

दुसऱ्या दिवशी मुलांनी मला हेलन केलरविषयी पुष्कळ प्रश्न विचारले. ती कशी वाचत असे, कशी लिहीत असे, तिला स्वप्ने पडत काय, असे नाना प्रश्न. काळा चष्मा लावलेल्या त्या बाईंविषयी मात्र एकानेही काही विचारले नाही. म्हणून, मुलांनो, आज त्या बाईंचीच हकीकत सांगतो.

त्यांचे नाव ॲन सलिव्हन. १४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फीडिंग हिल्स नावाच्या खेड्यात एका गरीब मजुराच्या घरी त्यांचा जन्म झाला. आईबाप मूळचे आयर्लंडचे. तेथे १८४५ पासून काही वर्षे बटाट्याचे पीक कुजून गेले आणि भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे अन्नावाचून मेली, लाखो देशोधडीस लागली. त्याच लोंढ्यातून सलिव्हन कुटुंब अमेरिकेत आले होते. दुष्काळाने गाव सोडावे लागणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातील मुलांना निराळे सांगावयास नको.

घरी सर्वजण तिला ॲनी म्हणत. ती पाच वर्षांची असताना तिच्या डोळ्यांना खुपऱ्यांचा विकार जडला. या रोगात पापण्यांच्या आतील बाजूस बारीक पुटकुळ्या येतात. त्या डोळ्यांना सारख्या खुपतात आणि हळूहळू दृष्टी अधू होत जाते. पूर्वी आपल्याकडेही हा रोग पुष्कळ आढळत असे. आज त्यावर औषधे आहेत, तेव्हा नव्हती. ॲनीला जग धुक्यातून पाहावे तसे दिसू लागले. ती आठ वर्षांची झाली तोच आई क्षयाने वारली. बाप व्यसनी होता. त्याने मुलांना नातेवाइकांच्या गळ्यात घातले आणि तो निघून गेला. धाकट्या बहिणीला एका नातेवाईक स्त्रीने ठेवून घेतले. अर्धवट आंधळी ॲनी आणि कमरेच्या क्षयाने लंगडणारा लहानगा भाऊ जिमी यांना मात्र कोणीच ठेवून घेईना. २२ फेब्रुवारी १८७६ रोजी त्या दोघांना ट्यूक्सबरी येथील निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात नेऊन सोडण्यात आले. ॲनी तेव्हा दहा वर्षांचीही नव्हती.

आश्रयगृह हे केवळ नाव. म्हाताऱ्या, रोगजर्जर, वेड्या, टाकून दिलेल्या अशा सर्व माणसांची तेथे एकत्र गर्दी होती. उंदरांचा सुळसुळाट होता. मृत माणसांची प्रेते ज्या खोलीत आणून ठेवीत, त्याच खोलीत हे बहीणभाऊ जुनी मासिके फाडून कागदाच्या बाहुल्या करीत बसत, कारण खेळावयास दुसरी जागाच नव्हती. काही महिन्यांतच जिमीचे दुखणे विकोपास गेले. एका रात्री ॲनीला जाग आली. तिने शेजारी चाचपून पाहिले, तो जिमीची खाट जागेवर नव्हती. ती अंधारात त्या खोलीकडे गेली आणि हातांनी शोधता शोधता तिला ती खाट सापडली. या प्रसंगाविषयी पुढे कित्येक वर्षे तिने कोणापाशी चकार शब्द काढला नाही. ज्या हेलनशी तिचे सारे आयुष्य जखडले गेले, त्या हेलनलाही ही गोष्ट प्रौढपणीच कळली.

आंधळ्या मुलांसाठीही शाळा असतात, असे तेथेच कोणीतरी ॲनीला सांगितले. तेव्हापासून तिच्या मनाने एकच ध्यास घेतला. १८८० साली आश्रयगृहाच्या कारभाराची पाहणी करण्यासाठी सरकारी मंडळी आली. त्यांचे प्रमुख फ्रँक सॅनबॉर्न म्हणून आहेत, एवढेच तिला ठाऊक होते. परंतु धूसर दिसणाऱ्या त्या आकृतींमधून सॅनबॉर्न कोण, हे ओळखावे कसे? ती दालनामागून दालन त्यांच्या पाठोपाठ चालत राहिली, धीर काही होईना. मंडळी फाटकापाशी पोहोचली, आता जाणार, असे दिसताच तिने त्या घोळक्यात स्वतःला झोकून दिले आणि मला शाळेत जायचे आहे, असा आक्रोश केला. कोणापुढे केला हे तिला दिसतही नव्हते. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला ती बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत दाखल झाली.

चौदा वर्षांची ॲनी लहान लहान मुलांच्या वर्गात बसली. तिला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. मुली हसत, आणि ॲनी सापासारखी फणा काढी. तिचा स्वभाव मुळीच गोड नव्हता, हे येथे सांगितलेच पाहिजे. उलट उत्तर देणे, वर्ग सोडून जाणे, शिक्षकांशी हुज्जत घालणे, हे तर नित्याचेच. तिला शाळेतून काढून टाकण्याची वेळ एकदा नव्हे, अनेकदा आली होती. परंतु तिची बुद्धी इतकी तल्लख होती की तिचे शिक्षकच तिची बाजू सांभाळून घेत. १८८१ आणि १८८२ साली तिच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि छापील अक्षर वाचण्याइतकी दृष्टी तिला परत मिळाली.

त्या शाळेत लॉरा ब्रिजमन नावाची एक वयस्क स्त्री राहत असे. ती बालपणीच आंधळी व बहिरी झाली होती. १८३७ साली डॉक्टर सॅम्युएल हौ यांनी तिला या शाळेत आणून भाषा शिकविली होती. दृष्टी नाही, श्रवण नाही, अशा मुलीला शिक्षण देता येते, हे अमेरिकेत प्रथम तेथे सिद्ध झाले. तिच्याशी बोलावयाचे तर बोटांची लिपी यावी लागे. बोटांच्या निरनिराळ्या ठेवणींतून एकेक अक्षर तिच्या तळहातावर उमटवावयाचे आणि तिने ते स्पर्शाने ओळखावयाचे. ॲनी ही लिपी शिकली आणि फावल्या वेळात लॉराच्या हातावर गावगप्पा लिहू लागली. या गप्पांचा पुढे कोणता उपयोग होणार आहे, याची तिला कल्पनाही नव्हती. १८८६ साली ती वर्गात पहिली आली आणि शाळेबाहेर पडली. वय वीस, डोळे अधू, घर नाही, पैसा नाही.

त्याच सुमारास दक्षिणेकडील अलाबामा राज्यातून शाळेचे संचालक ॲनाग्नोस यांना एक पत्र आले. टस्कंबिया गावच्या कॅप्टन केलर यांची कन्या हेलन एकोणीस महिन्यांची असताना आजारी पडली आणि त्या आजारात तिचे डोळे व कान दोन्ही गेले होते. तिला शिकविण्यास कोणी मिळेल काय, अशी त्यांनी विचारणा केली होती. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे बहिऱ्यांच्या शिक्षणात आयुष्यभर रमलेले गृहस्थ होते. त्यांच्याच सल्ल्याने हे पत्र आले होते. ॲनाग्नोस यांनी ॲनीचे नाव सुचविले. लॉराच्या शिक्षणाची जुनी टिपणे तिने काही महिने दुखऱ्या डोळ्यांनी वाचून काढली आणि ३ मार्च १८८७ रोजी ती टस्कंबियाला उतरली. येथून पुढे आपण तिला बाई म्हणू.

हेलन तेव्हा सात वर्षांचीही नव्हती. धट्टीकट्टी, हुशार, आणि पूर्णपणे बेलगाम. तिला काय हवे ते खुणांनी सांगे, खूण कोणास कळली नाही तर जमिनीवर लोळण घेई. आईबापांना तिची इतकी दया येई की तिला नाही म्हणण्याचे धैर्य कोणातच नव्हते. जेवणाच्या वेळी ती टेबलाभोवती फिरे आणि ज्याच्या ताटात हात जाईल त्यातून घास उचली. बाईंना पहिल्याच दिवसांत तिने खोलीत कोंडून किल्ली लपविली. मग वडिलांनी शिडी लावून बाईंना खिडकीतून खाली उतरविले. पुढे एकदा तर तिने बाईंचा एक दातच पाडला.

एके दिवशी सकाळी हेलनचा हात बाईंच्या ताटात आला. बाईंनी तो बाजूस सारला. तो पुन्हा आला, पुन्हा बाजूस सारला. घरची मंडळी उठून गेली, बाईंनी दार आतून लावून घेतले आणि तेथे अक्षरशः युद्ध जुंपले. हेलन लाथा झाडी, चिमटे काढी. प्रत्येक चिमट्याला बाई एक चापट मारीत. चापटीचे मी समर्थन करीत नाही. आज कोणत्याही शिक्षकाने तसे करू नये. परंतु घडले ते लपवूही नये. अखेर हेलनने स्वतःच्या ताटात चमच्याने खाल्ले आणि हातरुमालाची घडी करून ठेवली. एवढ्या लहानशा विजयासाठी सबंध सकाळ खर्ची पडली होती. त्यानंतर बाई आपल्या खोलीत गेल्या आणि पोटभर रडल्या.

घरात सगळे हेलनच्या बाजूचे आहेत, तोवर आपले काही चालणार नाही, हे बाईंनी ओळखले. त्यांनी बागेजवळच्या एका छोट्या घरात हेलनला घेऊन दोन आठवडे राहण्याची परवानगी मागितली. कॅप्टन केलर नाखुषीने तयार झाले. हेलनला घोडागाडीतून बरेच फिरवून तेथे नेले, म्हणजे घर शेजारीच आहे हे तिला कळू नये. पहिल्या रात्री ती बाईंना अंथरुणात शिरू देईना. हळूहळू मात्र ती निवळली. मणी ओवू लागली, सुईदोरा घेऊ लागली, बाईंच्या मांडीवर बसू लागली. आणि सारा वेळ बाई तिच्या हातावर अक्षरे लिहीत होत्या. बाहुली दिली की बाहुलीची अक्षरे, केक दिला की केकची अक्षरे. हेलन ती माकडासारखी अचूक नक्कल करी. काही दिवसांत तिला वीसेक शब्द असे बोटांवर पाठ झाले, परंतु शब्द म्हणजे काय हेच तिला ठाऊक नव्हते. तिच्या लेखी तो बोटांचा एक खेळ होता. मुलांनो, अर्थ न कळता कविता घडाघडा म्हणणारी मुले तुम्ही पाहिली असतील, तशीच काहीशी ही गोष्ट होती.

विशेषतः पेला आणि पेल्यातील पाणी या दोन शब्दांचा तिचा घोटाळा काही केल्या सुटेना. ५ एप्रिल १८८७ च्या सकाळी याच शब्दांवरून दोघींची झटापट झाली आणि हेलनने नवी बाहुली जमिनीवर आपटून फोडली. तिला दुःख झाले नाही, खेदही नाही. बाईंनी तुकडे केरसुणीने गोळा केले, तिची टोपी तिच्या हाती दिली आणि तिला अंगणात नेले. तेथे हापसा होता. कोणीतरी पाणी काढीत होते. बाईंनी हेलनच्या हातात पेला धरविला आणि तो हापशाच्या तोंडाखाली नेला. गार पाण्याची धार तिच्या हातावरून वाहू लागली. दुसऱ्या तळहातावर बाईंनी पाण्याच्या इंग्रजी नावाची, वॉटर या शब्दाची, पाच अक्षरे लिहिली. प्रथम सावकाश, मग भराभर.

हेलनच्या हातून पेला गळून पडला. ती खांबासारखी उभी राहिली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. त्या दिवसांत पाणी भरलेल्यांना हातावर पडणाऱ्या गार धारेचे मोल कळेल. परंतु हेलनला त्या क्षणी जे मिळाले, ते पाण्याहूनही दुर्मीळ होते. हे जे गार, वाहते, हवेहवेसे आहे, त्याला एक नाव आहे, आणि ते नाव बाई माझ्या हातावर लिहीत आहेत! मग हापशालाही नाव असेल. जमिनीलाही असेल. तिने जमिनीवर हात आपटून नाव विचारले, हापशाला हात लावून विचारले, आणि एकाएकी वळून बाईंकडे बोट केले. बाईंनी लिहिले, शिक्षिका. त्या दिवसापासून बाईंना हेलनने दुसऱ्या नावाने कधी संबोधिले नाही. रात्र होईपर्यंत तिने तीसेक शब्द आत्मसात केले होते. घरात परतल्यावर तिने चाचपडत बाहुलीचे तुकडे शोधले आणि ते जोडू पाहिले. ते जोडले जाईनात, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. आपण काय केले, हे तिला आता कळले होते.

हापशाची गोष्ट जगप्रसिद्ध झाली. मला मात्र त्यानंतरच्या महिन्यांतील बाईंचे काम अधिक मोठे वाटते. हेलनच्या नात्यात पंधरा महिन्यांचे एक तान्हे मूल होते. बाईंनी त्याचे निरीक्षण केले. त्याला कोणी शब्द घोकून घेत नव्हते, तरी बोललेले त्याला समजत होते, कारण सर्वजण त्याच्याशी सतत बोलत असत. मग हेलनशी तरी एकेक सुटा शब्द कशास बोलावयाचा? बाईंनी ठरलेल्या वेळचे धडे बंद केले आणि तिच्या हातावर पूर्ण वाक्यांत अखंड बोलू लागल्या. झाडाखाली बसून, कोंबडीच्या अंड्यातून पिलू बाहेर येताना, टेनेसी नदीच्या काठी खेळताना. तेथील मातीत धरणे, बेटे व सरोवरे करून हेलन भूगोल शिकली, आणि आपण शिकत आहोत याचा तिला पत्ताही नव्हता. एकदा ती मणी ओवीत असताना क्रम चुकला. चूक कोठे झाली म्हणून ती थबकली, तेव्हा बाईंनी तिच्या कपाळाला स्पर्श करून हातावर विचार हा शब्द लिहिला. डोक्यात आता जे चालले आहे, त्यालाही नाव आहे, हे तिला उमगले. हाताला न लागणाऱ्या वस्तूचे नाव शिकविणे किती कठीण, याचा क्षणभर डोळे मिटून विचार करून पाहा.

पुढील वर्षे झपाट्याने गेली. हेलन पेन्सिलीने लिहू लागली, उठावाची अक्षरे वाचू लागली, १८९० साली मुखाने बोलावयासही शिकली. कीर्तीबरोबर निंदाही आली. अकरा वर्षांच्या हेलनने लिहिलेली एक गोष्ट पूर्वी छापलेल्या दुसऱ्या गोष्टीसारखी निघाली. पूर्वी कधीतरी हातावर वाचून दाखविलेली ती कथा तिच्या मनात नकळत राहून गेली होती. १८९२ साली त्या पोरीची बाईंना दूर ठेवून मोठ्यांच्या समितीपुढे चौकशी झाली. तो घाव दोघींनाही आयुष्यभर विसरता आला नाही.

१९०० साली हेलन रॅडक्लिफ महाविद्यालयात गेली. व्याख्यानातील शब्दन् शब्द बाई शेजारी बसून तिच्या हातावर लिहीत. जी पुस्तके उठावाच्या लिपीत नव्हती, ती रात्री वाचून दाखवीत. जर्मन, फ्रेंच, लॅटिन, सारे काही! ज्या डोळ्यांना विश्रांती हवी, असे डॉक्टर बजावीत होते, तेच डोळे रोज तासन् तास पुस्तकात खुपसलेले असत. १९०४ साली हेलन सन्मानाने पदवीधर झाली. बाईंना कोणी पदवी दिली नाही. चार वर्षांचा अभ्यास मात्र त्यांचाही झाला होता.

१९०५ मध्ये बाईंचा विवाह जॉन मेसी या लेखकाशी झाला. तो संसार फार काळ टिकला नाही. पैशाची ओढाताण नेहमीचीच होती. म्हणून १९२० पासून काही वर्षे या दोघी चक्क नाटकगृहांत उभ्या राहिल्या. कसरती, गाणी, विनोदी नकला यांच्या मधल्या वेळात सुमारे वीस मिनिटे बाई हेलनच्या शिक्षणाची हकीकत सांगत आणि हेलन प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देई. पुष्कळांनी नाके मुरडली. मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. त्या आपल्या श्रमाची भाकरी खात होत्या. हेलनला ती गर्दी आवडे, कारण प्रेक्षकांचे श्वास आणि पावले तिला स्पर्शाने जाणवत. बाईंच्या डोळ्यांत मात्र रंगमंचाचे प्रखर दिवे सुयांसारखे टोचत.

१९२९ साली बाईंचा एक डोळा काढावा लागला. दुसराही हळूहळू विझला. ज्या बाईंनी हेलनला वाचून दाखविण्यात दृष्टी वेचली, त्यांनाच आता उठावाची लिपी नव्याने गिरवावी लागली. त्यांना मदतीला हेलन बसे. बाई मोठ्या नाठाळ विद्यार्थिनी होत्या, असे दिसते. २० ऑक्टोबर १९३६ रोजी न्यूयॉर्कमधील फॉरेस्ट हिल्स येथे त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांचा हात हेलनच्या हातात होता. एकोणपन्नास वर्षे त्या दोन हातांचे संभाषण चालले होते.

त्यांच्या रक्षेला वॉशिंग्टनच्या भव्य प्रार्थनामंदिरात स्थान मिळाले. हेलन पुढे देशोदेशी अंधांसाठी फिरली, १९५५ साली भारतातही आली. १९५९ साली विल्यम गिब्सन या नाटककाराचे बाईंच्या जीवनावरील नाटक न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले आणि सातशेहून अधिक वेळा झाले. बाईंनी टस्कंबियाहून लिहिलेल्या पत्रांचा त्याला आधार होता. नाटकाच्या नावात हेलन नाही. त्याचे नाव बाईंवरून आहे, चमत्कार करणारी. आपल्या वि. वा. शिरवाडकरांनी ते मराठीत आणले आणि त्याला किमयागार हे नाव दिले. १९६८ साली हेलन वारली, तेव्हा तिची रक्षा बाईंच्या रक्षेशेजारी ठेवण्यात आली. १९७७ साली मुंबईत मूकबधिर व अंध मुलांसाठी एक संस्था सुरू झाली, तिला हेलन केलर यांचेच नाव आहे. तेथील शिक्षकही मुलांच्या तळहातांवर बोलतात.

टस्कंबियातील केलरांचे घर आणि अंगणातील तो हापसा आजही जपून ठेवलेला आहे. दरवर्षी उन्हाळ्यात त्या घराच्या आवारात हे नाटक होते. गावातील लोक संध्याकाळी जमतात, दिवे लागतात, आणि काळा चष्मा लावलेली एक तरुणी हातात पेटी घेऊन रंगमंचावर येते.